रिकाम्या संगणकांचे दान : स्वयंसेवी संगणन, कंपन्या आणि बेंगळुरू

कोणत्याही मोठ्या कार्यालयातील संगणकांच्या दिवसभराच्या कामाचा हिशेब मांडला, तर त्यांच्या प्रोसेसरची बहुतेक शक्ती वापराविना पडून राहते असे दिसते. पत्र लिहिणे, तक्ते भरणे, ईमेल वाचणे या कामांना तिचा लहानसा अंश पुरतो, आणि संध्याकाळी कर्मचारी घरी गेल्यावर तोही लागत नाही. ही पडून राहिलेली शक्ती मालकाच्या संमतीने इंटरनेटद्वारे एकत्र करून एखाद्या वैज्ञानिक प्रश्नाच्या आकडेमोडीसाठी वापरणे, याला स्वयंसेवी वितरित संगणन म्हणतात. एक अवाढव्य गणित असंख्य लहान तुकड्यांत विभागून दूरदूरच्या संगणकांना वाटले जाते म्हणून ते वितरित, आणि संगणकाचा मालक मोबदल्याची अपेक्षा न ठेवता त्यात सामील होतो म्हणून ते स्वयंसेवी. या चळवळीचा इतिहास बहुधा हौशी व्यक्तींचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि तो खोटा नाही. मात्र तिच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर एखादी कंपनी उभी होती, आणि जेथे कंपनीने हात काढून घेतला तेथे कामाची गतीही बदलली, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच हे पाठबळ नेमके कशाचे असते, त्याचा उपयोग कोठे होतो आणि भारतातील संगणन उद्योगाचे केंद्र असलेल्या बेंगळुरूला त्यातून काय घेता येईल, हे प्रश्न स्वतंत्र विचाराला पात्र ठरतात.

कामाचा तुकडा कसा फिरतो

या पद्धतीला जगभर ओळख मिळवून दिली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील 'सेटी ॲट होम' या प्रकल्पाने. १७ मे १९९९ रोजी सुरू झालेल्या या प्रकल्पाचा उद्देश परग्रहावरील बुद्धिमान जीवांकडून येऊ शकणारे रेडिओ संदेश शोधणे हा होता. पोर्तो रिकोमधील अरेसिबो येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने नोंदवलेल्या लहरींपैकी १,४२० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा अडीच मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा घेऊन त्याचे २५६ अरुंद पट्टे केले जात, आणि प्रत्येक अरुंद पट्ट्यातील सुमारे १०७ सेकंदांच्या नोंदीचा एक तुकडा तयार होई. हा तुकडा जेमतेम एक तृतीयांश मेगाबाइटचा असल्यामुळे त्या काळच्या टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या संथ इंटरनेटवरूनही तो सहज उतरवून घेता येत असे. संगणक रिकामा आहे असे दिसताच पडद्यावर प्रकल्पाचा स्क्रीनसेव्हर सुरू होई, मागे तासन्‌तास आकडेमोड चाले आणि निष्कर्ष बर्कलीला परत जात. अनोळखी यंत्राकडून आलेल्या उत्तरावर आंधळा विश्वास ठेवता येत नसल्यामुळे एकच तुकडा एकाहून अधिक स्वयंसेवकांना देऊन त्यांची उत्तरे ताडून पाहण्याची पद्धतही रूढ झाली.

या प्रकल्पात कालांतराने ५० लाखांहून अधिक लोक सामील झाले. तुकडे वाटणारे, उत्तरे गोळा करणारे आणि त्यांचा हिशेब ठेवणारे मध्यवर्ती संगणक, म्हणजे सर्व्हर, विद्यापीठाने केवळ स्वतःच्या बळावर उभे केले नव्हते. सन मायक्रोसिस्टिम्ससारख्या कंपन्यांनी दिलेल्या यंत्रांचा त्यात मोठा वाटा होता. ३१ मार्च २०२० रोजी प्रकल्पाने नवे तुकडे पाठवणे थांबवले. परग्रहावरील संदेश हाती लागला नसला, तरी डेव्हिड अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली बर्कलीमध्येच तयार झालेली 'बॉइंक' ही सर्वांसाठी खुली संगणक प्रणाली हे या प्रयत्नाचे टिकाऊ फळ ठरले. या प्रणालीमुळे कोणत्याही संशोधन गटाला स्वतःचा प्रकल्प उभारता येऊ लागला, आणि स्वयंसेवकाला आपला संगणक कोणत्या कामासाठी, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती क्षमतेने द्यायचा हे ठरवता येऊ लागले.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतील तरच ही पद्धत चालते. एखाद्या जंतूच्या विशिष्ट प्रथिनाला लाखो रेणूंपैकी कोणता रेणू घट्ट चिकटेल हे पाहायचे असेल, तर प्रत्येक रेणूची तपासणी स्वतंत्रपणे करता येते आणि ती जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील संगणकावर सोपवता येते. उद्याच्या हवामानाचा सूक्ष्म अंदाज काढताना मात्र प्रत्येक प्रदेशाचे गणित शेजारच्या प्रदेशाच्या गणितावर क्षणोक्षणी अवलंबून असते, त्यामुळे तेथे एकाच छताखाली वेगवान तारांनी जोडलेला महासंगणकच लागतो. स्वयंसेवी संगणन महासंगणकाची जागा घेत नाही. महासंगणकाचा मोलाचा वेळ ज्यावर खर्च करू नये असे मोठे काम ते उचलते.

पाठबळाचे तीन प्रकार

कंपन्यांनी या क्षेत्राला दिलेल्या मदतीचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात कंपनी आपले ग्राहक प्रकल्पाकडे वळवते. एप्रिल २००१ मध्ये इंटेलने युनायटेड डिव्हायसेस ही कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्यासह कर्करोगावरील औषधी रेणूंच्या शोधाचा असा प्रकल्प सुरू केला होता. याहून ठळक उदाहरण सोनीचे आहे. पेशीतील प्रथिनांच्या साखळ्या कशा घडी घेतात आणि ती घडी चुकली तर कोणते विकार होतात, याचा अभ्यास करणारा 'फोल्डिंग ॲट होम' हा प्रकल्प विजय पांडे यांनी २००० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू केला. मार्च २००७ मध्ये सोनीने आपल्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रात त्याची सोय केली आणि पुढील काही वर्षांत दीड कोटीहून अधिक लोकांनी त्याद्वारे सहभाग घेतला. मुलांच्या खेळासाठी घेतलेल्या यंत्रातून प्रथिनांचे गणित सुटू लागले ही मोठीच गोष्ट होती, पण नोव्हेंबर २०१२ मध्ये सोनीने ही सोय बंद केली आणि यंत्रे घरोघरी शाबूत असूनही तो मार्ग मिटला.

दुसऱ्या प्रकारात कंपनी स्वतःच्या कार्यालयातील यंत्रे आणि कर्मचाऱ्यांचा सहभाग देते. तिसऱ्या प्रकारात ती प्रकल्पाचा मध्यवर्ती डोलारा, म्हणजे सर्व्हर, साठवण, जाळे आणि ते सांभाळणारी माणसे, स्वतःच्या खर्चाने चालवते. पहिले दोन प्रकार लोकांच्या नजरेत भरतात. टिकाऊपणाच्या दृष्टीने तिसरा प्रकार निर्णायक ठरतो, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आयबीएमने घालून दिले.

आयबीएमचा सतरा वर्षांचा प्रयोग

२००३ मध्ये आयबीएम आणि इतर सहभागी संस्थांनी देवीच्या रोगावरील औषधासाठी एक प्रयोग केला. स्वयंसेवकांच्या संगणकांनी सुमारे साडेतीन कोटी रेणू तपासले आणि त्यांतून ४४ रेणू पुढील अभ्यासासाठी आशादायक ठरले. या यशानंतर दर वेळी नवा डोलारा उभारण्याऐवजी अनेक प्रकल्पांना पुरेल असे कायमस्वरूपी व्यासपीठ असावे, असा विचार पुढे आला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' सुरू झाले. संशोधन लोकहिताचे असावे, नफ्यासाठी नसावे आणि त्यातून निघालेली माहिती सर्वांसाठी खुली करावी, या अटींवर आयबीएमने ते संशोधकांना विनामूल्य उपलब्ध करून दिले.

या व्यासपीठावरून सुमारे ३० संशोधन प्रकल्प चालले आणि साडेसात लाखांहून अधिक लोकांनी त्यांना संगणक दिले. हार्वर्ड विद्यापीठाच्या गटाने सौरघटांसाठी उपयोगी पडू शकतील अशी सुमारे २३ लाख सेंद्रिय संयुगे तपासून त्यांची माहिती २०१३ मध्ये जगासाठी खुली केली. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगावर जपानमधील संशोधकांनी ३० लाख संयुगे चाळून सात आशादायक संयुगे निवडली. भारताला सर्वाधिक जवळचा म्हणावा असा प्रकल्प क्षयरोगाचा होता. जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात असतो, आणि क्षयाचा जंतू औषधांना इतका चिवट विरोध करतो याचे एक कारण त्याच्या मेणचट पेशीभित्तिकेत दडलेले आहे. त्या भित्तिकेतील मायकोलिक आम्लांचे रेणू कसे वागतात याचे गणित इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाने २०१६ पासून या जाळ्यावर करवून घेतले.

सप्टेंबर २०२१ मध्ये आयबीएमने हे व्यासपीठ टोरंटो येथील क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे सोपवत असल्याचे जाहीर केले. २०२२ मधील स्थलांतरात काम काही महिने थांबले. त्या काळात स्वयंसेवकांचे संगणक होते, इच्छा होती, संशोधकांचे प्रश्नही होते. नव्या ठिकाणी सर्व्हर सुरळीत चालेपर्यंत या सर्वांचा उपयोग शून्य होता. महाराष्ट्राच्या खेड्यांत इर्जिकीची प्रथा होती, तीत गाव आपापले बैल आणि औत घेऊन एका शेतकऱ्याचे रान एका दिवसात नांगरून देई आणि मजुरी घेत नसे, पण कोणते रान कोणी धरायचे याची आखणी आणि सगळ्यांच्या जेवणाची तजवीज यजमानालाच करावी लागे. स्वयंसेवी संगणनातही श्रम विनामूल्य मिळतात, यजमानपण मात्र विनामूल्य होत नाही.

२०२० च्या साथीनेही हेच दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या प्रथिनांचा अभ्यास हाती घेताच 'फोल्डिंग ॲट होम'वर स्वयंसेवकांचा लोट आला. साथीपूर्वी सुमारे ३० हजार असलेली यंत्रांची संख्या काही महिन्यांत दहा लाखांपलीकडे गेली आणि एकत्रित क्षमतेने एक एक्झाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणिती क्रियांचा, टप्पा ओलांडला. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत लाखो संगणक कामाची वाट पाहत बसले होते, कारण सर्व्हरना तितक्या वेगाने तुकडे वाटता येत नव्हते. ही कोंडी फोडण्यात मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, ओरॅकल यांसारख्या कंपन्यांनी पुरवलेल्या सर्व्हर आणि क्लाउड सेवांचा मोठा हातभार लागला. तुटवडा प्रोसेसरचा नव्हता, तो मध्यवर्ती व्यवस्थेचा होता.

बेंगळुरूकडे काय आहे

संगणनाच्या दृष्टीने बेंगळुरू हे भारतातील सर्वांत समृद्ध शहर आहे. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे केंद्र उघडले. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस त्याआधीच, १९८३ मध्ये, येथे आली होती. आणि १९७८ मध्ये भारत सोडून गेलेली आयबीएम १९९२ मध्ये टाटा समूहाच्या भागीदारीत परतली, तेव्हा तिनेही बेंगळुरूच निवडले. इलेक्ट्रॉनिक सिटीपासून व्हाइटफील्डपर्यंत पसरलेल्या कार्यालयांत आज जगातील बहुतेक मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचे अभियंते काम करतात.

सार्वजनिक संशोधनाची बाजूही तितकीच भक्कम आहे. पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक घडवणाऱ्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे एक मोठे केंद्र बेंगळुरूत ब्याप्पनहळ्ळी येथे आहे, आणि 'गरुड' या राष्ट्रीय संगणन जाळ्याचे काम तेथूनच चालले. गरुडच्या पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संशोधन व शिक्षण संस्था वेगवान जाळ्याने जोडल्या गेल्या, जेणेकरून एका संस्थेतील संशोधकाला दुसऱ्या संस्थेतील यंत्र वापरता यावे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये सुरू केलेल्या मुक्त औषधसंशोधन उपक्रमाला, ज्यात क्षयरोगावरील संशोधन खुल्या सहकार्याने करण्याचा निर्धार होता, रेणूंच्या संगणकीय चाळणीसाठी गरुडचा आधार मिळाला. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या, ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाची जबाबदारी सी-डॅक आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था या दोघांवर आहे, आणि विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'परम प्रवेग'ची कमाल क्षमता ३.३ पेटाफ्लॉप आहे. एक एक्झाफ्लॉप म्हणजे १,००० पेटाफ्लॉप हे लक्षात घेतले, की २०२० मध्ये जगभरच्या घरगुती संगणकांनी मिळून केवढी शक्ती उभी केली होती याची कल्पना येते, जरी घट्ट जोडलेल्या महासंगणकाची आणि विखुरलेल्या यंत्रांची क्षमता एकाच मापाने पूर्णपणे मोजता येत नसली तरी.

कंपन्या, यंत्रे, अभियंते, महासंगणनाचा अनुभव आणि क्षयासारखे तातडीचे प्रश्न एकाच शहराच्या हाती असूनही वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडच्या तोडीचे, भारतातून चालवलेले, सर्वसामान्यांना खुले व्यासपीठ आजवर उभे राहिलेले नाही. गरुडमध्ये संस्थांची यंत्रे जोडली गेली. कार्यालयांची आणि घरांची यंत्रे बाहेरच राहिली. याची कारणे तांत्रिक कमी आणि व्यवस्थेची अधिक आहेत.

परवानगी, वीज आणि कायदा

पहिले कारण परवानगीचे आहे. कार्यालयातील संगणक कर्मचाऱ्याचा नसतो, आणि त्यावर परस्पर प्रणाली बसवणे महागात पडू शकते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका महाविद्यालयाच्या संगणक तंत्रज्ञाने तेथील यंत्रांवर असाच एक वितरित संगणनाचा कार्यक्रम बसवला, तेव्हा त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला आणि २००२ मध्ये तडजोडीने एक वर्षाची परिवीक्षा, २,१०० डॉलरची भरपाई आणि ८० तासांची समाजसेवा त्याच्या वाट्याला आली. बेंगळुरूतील कंपन्या परदेशी ग्राहकांची गोपनीय माहिती हाताळतात, त्यामुळे बाहेरून कामे घेणारी कोणतीही प्रणाली त्यांच्या सुरक्षा विभागाला नको वाटणे स्वाभाविक आहे. ही भीती अस्थानी नाही, पण तिला उत्तर आहे : ग्राहकाच्या कामाशी संबंध नसलेली प्रशिक्षण कक्षांतील किंवा चाचणीसाठीची यंत्रे वेगळ्या जाळ्यावर ठेवून केवळ त्यांनाच परवानगी देता येते, आणि तो निर्णय लेखी धोरणात नोंदवता येतो.

दुसरे कारण विजेचे आहे. पडून असलेली शक्ती फुकट असते, ही समजूत जुन्या यंत्रांच्या काळात काहीशी खरी होती. आजचे प्रोसेसर काम नसताना स्वतःचा वीजवापर बराच घटवतात, त्यामुळे दान केलेल्या प्रत्येक तासाला प्रत्यक्ष वीज लागते. १,००० संगणक रात्री १० तास चालले आणि प्रत्येकाने त्या कामासाठी ५० वॅट जादा घेतले असे मानले, तर एका रात्रीत ५०० युनिट वीज लागेल. ८ रुपये युनिट दर धरल्यास एका रात्रीचे ४,००० आणि वर्षातील २५० रात्रींचे १० लाख रुपये होतील. मध्यम आकाराच्या कंपनीला ही रक्कम जड नाही, पण ती शून्यही नाही. वीज कोठून येते हाही विचार करावा लागतो. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान आहे आणि सूर्य वर असताना राज्यात स्वच्छ विजेचा वाटा वाढतो. बॉइंकमध्ये कामाची वेळ ठरवण्याची सोय असल्यामुळे हे काम रात्रीऐवजी दुपारी, रिकाम्या यंत्रांवर चालवणे पर्यावरणाच्या दृष्टीने अधिक योग्य ठरेल.

तिसरे कारण कायद्याचे आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांवर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. परंतु वस्तुरूपाने दिलेल्या मदतीची रुपयांत किंमत लावून ती या खर्चात दाखवता येत नाही, असे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. संगणकाचा रिकामा वेळ हे असेच वस्तुरूप दान असल्यामुळे कंपनीने लाखो तास दिले, तरी तिच्या सीएसआरच्या हिशेबात त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद होत नाही ते काम मोठ्या संस्थांत मागे पडते.

हाच कायदा दुसरे एक दार मात्र उघडे ठेवतो. त्याच्या सातव्या परिशिष्टात सरकारी अर्थसाहाय्यावर चालणारे विज्ञान, तंत्रज्ञान व वैद्यकातील संशोधन प्रकल्प, सार्वजनिक निधीवरील विद्यापीठे आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयासारख्या विभागांच्या स्वायत्त संशोधन संस्था यांना दिलेला निधी सामाजिक कामांत धरला आहे. याचा अर्थ असा की कंपनीने यंत्राचा वेळ दिला तर तो हिशेबात येत नाही, पण अशा संस्थेच्या स्वयंसेवी संगणन प्रकल्पाचे सर्व्हर, साठवण आणि ते सांभाळणाऱ्या अभियंत्यांचे वेतन यांसाठी निधी दिला, तर तो या तरतुदीत बसू शकतो. आयबीएमच्या आणि साथीच्या अनुभवातून जी गरज सर्वांत मोठी म्हणून पुढे आली, तीच भागवण्याची वाट भारतीय कायद्याने मोकळी ठेवली आहे, हा योग दुर्लक्षिण्यासारखा नाही.

पुढची दिशा

भारतीय व्यासपीठासाठी प्रश्नांची वानवा पडणार नाही. क्षय, डेंग्यू आणि मलेरिया यांवरील रेणूंची चाळणी हे काम तुकड्यांत सहज विभागते. खगोलशास्त्राचाही येथे हक्क आहे : 'आइन्स्टाइन ॲट होम' हा २००५ मध्ये सुरू झालेला प्रकल्प अमेरिकेतील लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या नोंदी स्वयंसेवकांच्या संगणकांवर तपासतो, त्याच जातीची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि तिच्या नोंदी येऊ लागतील तेव्हा त्यांतील क्षीण लहरी शोधण्याच्या कामात मराठवाड्यातील शाळेच्या संगणकापासून बेंगळुरूच्या कंपनीपर्यंत सर्वांना वाटा उचलता येईल.

त्यासाठी कंपन्यांनी चार गोष्टी करणे पुरेसे आहे. कर्मचाऱ्यांना कोणत्या यंत्रांवर आणि कोणत्या प्रकल्पांसाठी परवानगी आहे हे लेखी ठरवावे. विजेचा खर्च उघडपणे मोजावा आणि तो स्वीकारावा. सीएसआर निधीचा एक लहान भाग सार्वजनिक संशोधन संस्थेतील सर्व्हर आणि मनुष्यबळासाठी किमान पाच वर्षांच्या कराराने द्यावा. आणि मदत थांबवायची झाल्यास काम दुसऱ्या संस्थेकडे सुपूर्त करण्याची मुदत व पद्धत त्याच करारात लिहून ठेवावी. यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण प्लेस्टेशनची सोय आणि वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड यांच्या इतिहासातून कंपनीचे औदार्य तिच्या धोरणाबरोबर बदलते हेच सिद्ध झाले आहे. लोकांच्या संगणकांवर आणि लोकांच्या विश्वासावर उभे राहिलेले संशोधन एका कंपनीच्या वार्षिक निर्णयावर सोडता कामा नये. बेंगळुरूच्या उद्योगाने यंत्रांच्या दानाआधी या यजमानपणाची जबाबदारी पत्करावी. यंत्रे द्यायला नागरिक कमी पडणार नाहीत.